पॅनलमागचे दिवे

थंडी आली हे मला अंगाआधी कानांना कळतं. सकाळी समोरचा टेंपोवाला किल्ली फिरवतो, स्टार्टर दोनदा कण्हतो आणि गप्प होतो. तो गप्प झाला की माझा हात असेल तिथं थांबतो. दाढी करत असलो तर वस्तरा गालावर तसाच राहतो. पुन्हा घर्र होतं, इंजिन धरतं, टेंपो धूर सोडत निघून जातो, आणि मग मी उरलेला गाल करतो. बायकोची समजूत आहे की मला सकाळी गोंगाट सोसत नाही. मी ती समजूत मोडलेली नाही. इतक्या वर्षांत मी फारसं काहीच मोडलेलं नाही, नुसता गप्प राहिलो.

हिवाळा लोकांना आवडतो. आमच्या पिंपरीचा हिवाळा तर तेव्हा बघण्यासारखा असायचा. कारखाने आले होते, पण दोन कारखान्यांच्या मधे अजून ज्वारी उभी असायची. पहिल्या पाळीला सायकलींची रांग लागायची. प्रत्येकाच्या कानाला मफलर, हँडलला डबा, आणि थेरगावाकडून पायवाटेनं येणाऱ्यांच्या पँटी गुडघ्यापर्यंत दवानं भिजलेल्या. गेटबाहेर तेलकट चिंध्यांची शेकोटी पेटायची. तिच्याभोवती लोक हात शेकत, एकमेकांची उणीदुणी काढत उभे राहायचे. पवनेवरून येणारं धुकं आणि त्या शेकोटीचा धूर एकमेकांत मिसळायचे. तो वास मला अजून आवडतो. पण त्या एका थंडीतली कुठलीच गोष्ट मला नुसती अशी आठवत नाही, तिच्यामागून भीती येतेच.

मी कंपनीच्या गॅरेजमध्ये इलेक्ट्रिशियन होतो. ट्रक, साहेबांच्या गाड्या आणि एक अँब्युलन्स, एवढ्यांची वायरिंग माझ्याकडे. अँब्युलन्स चालवायचा नामदेव भालेराव. जालन्याकडचा माणूस, माझ्याच वयाचा, अंगानं बारीक. गाडी दिवसचे दिवस उभी असायची, कारण रोज काही कुणाला लागत नाही. पण भालेराव रोज तिची काच पुसायचा. स्टिअरिंगसमोरच्या पॅनलवर त्यानं बुद्धाची एक छोटी तसबीर चिकटवली होती आणि एक दिवस निळा बल्ब घेऊन माझ्याकडे आला.

"वसंतराव, एवढा दिवा लावून द्या. पण त्याला बटण पायजे बरं का. गाडी बंद केली की मी दिवाबी बंद करीन."

"देवापुढचा दिवा बंद करता?" मी थट्टेनं विचारलं.

"आमचा हा देव नाही, वसंतराव. त्याला अंधारातबी दिसतं."

मी हसलो आणि बटण लावून दिलं. ते बटण तो कधी विसरला नाही. उतरताना बटण दाबायचा, खाली वाकून दिवा गेला का बघायचा, मग दार लावायचा, आणि दार लावल्यावर पुन्हा एकदा काचेतून बघायचा. हे मी माझ्या डोळ्यांनी कितीदा तरी पाहिलं होतं. मुद्दाम लिहून ठेवतो.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रं थांबतात. पान्हे, हातोड्या धुऊन हळदीकुंकू लागतं, लेथच्या गळ्यात झेंडूची माळ पडते. फोरमनसाहेबांचा हुकूम असायचा की अँब्युलन्स सगळ्यांत जास्त सजवायची, म्हणजे वर्षभर तिच्यावर वेळ येणार नाही. त्या वर्षी मी तिच्या पॅनलवर देवीचा फोटो ठेवून भोवती लाल चिमुकल्या दिव्यांची माळ लावली. किल्ली न फिरवता दिवे लागावेत म्हणून करंट थेट बॅटरीच्या मुख्य तारेवरून घेतला. मधे फ्यूज नाही, बटण नाही. पूजा झाल्यावर मी तार सोडायला गेलो तर फोरमनसाहेब ओरडले, "अहो, पूजेचा दिवा आपल्या हातानं विझवतात का? राहू द्या दसऱ्यापर्यंत." राहू दिला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माळ काढायला बसलो तेव्हा तिचं एक टोक पॅनलच्या मागं कुठंतरी अडकलं होतं. ओढलं, आलं नाही. पॅनल उघडायचं म्हणजे अर्धी दुपार गेली असती. बाहेर सोनं वाटायला, गप्पा मारायला माणसं जमली होती. मी दिसत होती तेवढी माळ कापली, टोकाला काळी पट्टी गुंडाळली आणि गेलो. आत राहिलेले दिवे विझले असतील असं मी धरून चाललो. बघितलं नाही. बघणं हेच माझं काम होतं.

मग थंडी पडली, आणि अँब्युलन्सची बॅटरी उतरायला लागली.

एखादी सकाळ ठीक जायची, एखाद्या सकाळी स्टार्टर नुसता कण्हायचा. आम्ही बॅटरी काढायचो, उन्हात ठेवायचो, पाणी घालायचो, चार्जिंगला लावायचो. पुन्हा दोन दिवस बरे जायचे. फोरमनसाहेब सगळ्यांसमोर म्हणायचे, "काय भालेराव, आत बत्ती पेटवून झोपता काय दुपारचे?" पोरं हसायची. भालेराव म्हणायचा, "साहेब, मी उतरताना दोनदा बघतो." आणि मी, वायरिंगचा जाणकार, म्हणायचो, "थंडीत बॅटरी बसतेच हो. जुनी झालीय."

गाडी उभी असताना करंट कोण खातंय, हे शोधायची रीत अगदी साधी आहे. बॅटरीची एक केबल सोडायची आणि केबल व बॅटरी यांच्यामध्ये एक बल्ब जोडायचा. गाडीतलं सगळं बंद आहे ना? मग बल्ब पेटता कामा नये. पेटला, तर कुणीतरी गुपचूप पितंय. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, चोर त्या वाटेवर. अर्ध्या तासाचं काम. त्या अर्ध्या तासासाठी मी महिनाभर उद्या उद्या केलं.

ती सकाळ धुक्याची होती. पाळी सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल. प्रेस खात्याकडून आधी एक किंकाळी आली आणि मग माणसांच्या धावण्याचा आवाज. ज्ञानोबा म्हणून महाळुंग्याचा एक कामगार होता. शेती सांभाळून नोकरी करायचा, वाटाणा निघाला की खातंभर शेंगा वाटायचा. त्याचा उजवा हात प्रेसखाली सापडला होता. चौघांनी त्याला उचलून आणलं. हाताला कुणाचा तरी शर्ट गुंडाळलेला होता आणि शर्टाचा रंग ओळखू येत नव्हता. ज्ञानोबा ओरडत नव्हता. तो सारखं एकच विचारत होता, "हाय का? माजा हात हाय का जाग्याव?"

त्याला आत निजवलं. भालेरावनं किल्ली फिरवली.

टक.

एवढाच आवाज. घर्र नाही, कण्हणं नाही. भालेरावनं पुन्हा फिरवली. टक. त्यानं काचेतून माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला बॅटरी दिसली नाही, वायरिंग दिसली नाही. मला पॅनलच्या मागं गेलेली ती कापलेली तार दिसली. का, कसं, सांगता येत नाही. महिनाभर जे आठवलं नव्हतं ते तेव्हा आठवलं.

"ढकला राव! बघताय काय!" कुणीतरी ओरडलं. सगळं खातं गाडीला भिडलं. मीही भिडलो. गाडी गेटातून हमरस्त्याला लागली, धुक्यात पुढचं काही दिसत नव्हतं, आतून ज्ञानोबाचं तेच विचारणं चालू होतं. भालेराव गिअर टाकायचा, गाडी हिसका द्यायची आणि थांबायची. पुन्हा ढकला. माणसांच्या चपला रस्त्यावर सुटून पडत होत्या. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मला तो अजून चालू असल्यासारखा वाटतो. शेवटी उतारावर इंजिनानं धरलं आणि गाडी कासारवाडीच्या बाजूला धुक्यात नाहीशी झाली.

ज्ञानोबा जगला. हात मनगटाच्या वरपर्यंत काढावा लागला. पुण्याच्या डॉक्टरांनी म्हणे सांगितलं, थोडं आधी आणलं असतं तर बघता आलं असतं. डॉक्टर असं सगळ्यांनाच सांगतात, अशी मी स्वतःची समजूत घालतो. ती समजूत सकाळी टिकत नाही.

दुपारी गाडी परत आली. फोरमनसाहेब कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "आत्ताच्या आत्ता शोधा. मला वर उत्तर द्यायचंय." मी केबल सोडली, मधे बल्ब जोडला. बल्ब पेटला, मंद, पिवळट. कुणीतरी पीत होतं. मी एकेक फ्यूज काढला. बल्ब तसाच. निळ्या दिव्याची तार काढली. बल्ब तसाच. साहेब बॉनेटपाशी उभे राहून माचिसच्या काडीनं दात कोरत होते, मी आत कुठली तार काढतोय ते त्यांना दिसत नव्हतं. मी पाठीवर निजून पॅनलखाली डोकं घातलं.

आत अंधार होता आणि त्या अंधारात तीन लाल दिवे जळत होते. शांतपणे. दसऱ्यापासून. फोटो गेला, फुलं गेली, थंडी पडली, एका माणसाचा हात गेला, आणि ते तिथं जळत होते. कोनाड्यात कुणी विसरून ठेवल्यासारखे. मी इतका घाबरलो की क्षणभर मला वाटलं तेच माझ्याकडे बघताहेत. मग मी पक्कड घातली आणि तार तोडली.

"विझला!" बाहेरून साहेब ओरडले. "बल्ब विझला! काय होतं?"

 दिवे माझ्या मुठीत होते, अजून कोमट.

"त्याचा तो निळा दिवाच ना? मला माहीतच होतं. यांना गाडीतसुद्धा आपलं मांडायला पाहिजे."

खाली निजल्या निजल्या मी म्हणालो, "हं."

माझा गुन्हा एवढाच, एका अक्षराचा. मी खोटं रचलं नाही, कुणावर बोट दाखवलं नाही. साहेबांना जे ऐकायचं होतं त्याला हुंकार दिला. सगळ्यांनी जे मानलं ते मानायला सोपं होतं. दसऱ्याच्या दिव्यावर संशय घ्यायला कुणी तयार नव्हतं. निळ्या दिव्यावर घ्यायला सगळे तयार होते. आणि हे मला तेव्हाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच तो हुंकार इतका सहज निघाला.

भालेरावची किल्ली काढून घेतली. त्याला भट्टीखात्यात वाळू ओढायला टाकलं. तसबीर त्याला परत द्यायचं काम साहेबांनी मलाच सांगितलं. ती त्यानं रुमालात बांधली.

"वसंतराव, बटण तर मी बंद केलं होतं. केलंच होतं," तो म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघत, "केलं होतं ना?"

साहेबांचं बोलणं मला तितकं लागलं नाही, जितका हा प्रश्न लागला. आपल्या डोळ्यांनी दोनदा बघणारा माणूस स्वतःच्या डोळ्यांबद्दल मला विचारत होता. मी म्हणालो, "होतं असं कधीकधी माणसाकडून."

नंतरची वर्षं म्हणजे नुसती भीती. आधी सापडण्याची होती. भंगाराच्या पिंपात टाकलेले ते तीन दिवे कुणी बाहेर काढील, पॅनल उघडून तारेचं टोक बघील, असं वाटायचं. पुढे ती अँब्युलन्स लिलावात गेली, साहेब निवृत्त झाले, मला बढती मिळाली. सापडण्याचं कारण उरलं नाही, पण भीती गेली नाही. ती आता कशाची आहे हे मला सांगता येईना. भट्टीखात्याकडून जाताना मी वाट बदलायचो. भालेराव समोर आलाच तर तो आधी हात उचलायचा. "बरं हाय ना, वसंतराव?" त्याच्या भुवया भट्टीच्या धगीनं विरळ झाल्या होत्या. मी "हं" म्हणायचो. तेच अक्षर.

घरी मी दिवे विझवत फिरतो. पोरं हसतात. देवघरातली समई रात्री शांत करू दिली नाही तर मला झोप येत नाही. बायकोला वाटतं, तेल वाचवतात.

या वर्षी थंडी पडली आणि कँटीनमध्ये भट्टीखात्यातला एकजण माझ्यासमोर चहा घेऊन बसला. सहज बोलत होता. "आमचा भालेराव गेला बघा रजेवर. दरवर्षीचं आहे त्याचं. महाळुंग्याला कांदा लावायला जातो."

"त्याचं कुठलं रान महाळुंग्याला?"

"त्याचं नाय हो. तो हात गेलेला ज्ञानोबा नाही का? त्याच्या रानात. एका हातानं कांदा लावायचा कसा? हा जातो, वाफे लावून देतो, येतो. आम्ही म्हणतो, अरे येड्या, कशाला? तर म्हणतो, माझ्या दिव्यानं त्याचा हात नेला."

तो हसला. मी चहाचा कप खाली ठेवला.

म्हणजे इतकी वर्षं मला वाटत होतं की मी त्याची गाडी घेतली. मी त्याला काय दिलं होतं ते मला ठाऊकच नव्हतं. माझं ओझं त्याच्या पाठीवर होतं आणि तो ते वाकून दरवर्षी चिखलात वाहत होता. मी मात्र कोरडा राहून नुसता घाबरत होतो.

पुढचे काही दिवस मी घरातून निघालो आणि परत आलो. एकदा चाकणच्या एस.टी.त बसलो आणि भोसरीलाच उतरलो. कारण काढायला मी हुशार आहे. बढती झालीय, पोरीचं लग्न ठरायचंय, आता कुणाला काय फरक पडतो. शेवटी एका सकाळी समोरचा टेंपो सुरूच होईना. माणूस किल्ली फिरवत राहिला, टक, टक, टक. मी चपला घातल्या आणि निघालो, आणि या वेळी उतरलो नाही.

चाकणहून तळेगावच्या रस्त्यानं महाळुंगं लागतं. ज्ञानोबाचं रान विचारत गेलो. विहिरीच्या खाली वाफे पाण्यानं भरलेले होते. भालेराव पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उकिडवा बसला होता. अंगठ्यानं एकेक रोप दाबत मागं सरकत होता. ज्ञानोबा बांधावर बसून डाव्या हातानं रोपांच्या जुड्या सोडून त्याच्याकडे फेकत होता.

"दाट लावतुयास," ज्ञानोबा म्हणत होता. "कांदं हायती का लसूण?"

"पुढच्या साली तूच लाव मग."

"लावलं आस्तं की, तू हात ठिवला आस्तास तर."

दोघंही हसले. इतक्या वर्षांत त्यांनी त्या गोष्टीचा असा विनोद करून टाकला होता. मी ते ऐकलं आणि मला परत फिरावंसं वाटलं. हे मोडायला मी आलो होतो.

भालेरावनं मला पाहिलं. "वसंतराव? इकडं कुठं?"

मी बांधावर उभा राहिलो आणि बोललो. काय काय बोललो ते नीट आठवत नाही. माळ, पॅनल, तीन दिवे, "हं". वाक्यं मागंपुढं झाली. दोन्ही हात मी खिशात घातले होते, आणि ज्ञानोबासमोर ते बाहेर काढायची लाज वाटत होती. "तुमचं बटण बंदच होतं," असं मी शेवटी म्हणालो. "तुम्ही दोनदा बघत होता. मी बघायचो तुम्हाला बघताना."

भालेरावच्या हातात एक रोप होतं. ते त्यानं लावलं नाही, टाकलंही नाही.  मग म्हणाला, "माझी बायको घरातल्या बुद्धाच्या तसबिरीपुढं दिवा लावत नाही. लग्न झाल्यापासून लावायची. त्या सालापासून नाही." आवाज चढलेला नव्हता. "मीच सांगितलं तिला, लावू नको म्हणून."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. त्यानं चिखलाचा हात वर केला. 

तो उठला. पाटाच्या पाण्यात हात धुतले, पाय धुतले, दुमडलेली पँट खाली केली. बांधावरची पिशवी उचलली. ज्ञानोबाच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभर दाबला. माझ्याशेजारून जाताना तो थांबला नाही आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. पायवाटेनं चाकणच्या रस्त्याकडे चालत गेला. घाईत होता. घरी काहीतरी लवकर पोचवायचं असलेल्या माणसासारखा.

मी तिथंच उभा होतो. ज्ञानोबा माझ्याकडे बघत होता. त्यानं शिव्या द्याव्यात असं मला वाटत होतं, त्या मी सहन केल्या असत्या.  इतकी भीती मला पॅनलखालीसुद्धा वाटली नव्हती. वाफ्यात भालेरावची रांग अर्ध्यावर थांबली होती, तिच्या पुढं नुसता उघडा चिखल आणि पाणी.

मग ज्ञानोबानं डाव्या हातानं एक जुडी उचलली आणि माझ्या पायाशी टाकली.

"पानी मुरतंय," तो म्हणाला. "चपला काढा, अन् उतरा खाली."